दहावा होल

"चाचा, हे ड्रिल तुम्ही स्वतः कधी भिंतीवर चालवलंय का?"

हा प्रश्न प्रांजलीनं विचारला तेव्हा मोंढ्याच्या रस्त्यावरचं ते हार्डवेअरचं दुकान गच्च भरलेलं होतं. एक मिस्त्री नळाच्या तोट्या निवडत होता, एक बाई कडीकोयंडा परत करायला आली होती, आणि बाहेर उसाच्या रसाच्या गाड्याआड अमृता आणि सुकेशनी या दोन मैत्रिणी ग्लास तोंडाला लावून, पण एक घोटही न पिता, कान देऊन उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "आठ दिवस झाले, तू आम्हाला न्यूटन मीटर शिकवायलीस," अमृता म्हणाली होती, "एवढं कळतंय तर दुकानदाराला विचारून दाखव, त्यानं तरी कधी चालवलंय का."

मागच्या वर्षीची प्रांजली असती तर रस पिऊन घरी गेली असती. पण जानेवारीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिच्या जोडीदारणीला ऐनवेळी कांजिण्या निघाल्या आणि मॉडेल एकटीनं समजावून सांगायची पाळी प्रांजलीवर आली. सतरा जणांना तिनं ते समजावलं; त्यातले एक तर अधिकारी होते. तेव्हापासून ती समजावून सांगायची थांबलेली नाही.

चाचांनी आधी काउंटरवरच्या ड्रिलकडे पाहिलं, मग प्रांजलीकडे, मग तिच्या हातातल्या वहीकडे.

"बेटा, मैं बेचता. चलाते मिस्त्री लोगां."

"म्हणजे तुम्हाला अनुभव नाही?"

मिस्त्रीनं हातातली तोटी खाली ठेवली. कडीकोयंड्याची बाई आपली तक्रार विसरली.

"मेरेकू एकीच बात मालूम है," चाचा शांतपणे म्हणाले. "वो तेरेकू मालूम है क्या, बता. दीवार काय की है?"

प्रांजलीच्या वहीत अकरा ड्रिल होती आणि प्रत्येकापुढं चौदा रकाने होते. व्होल्ट होते, बॅटरीचे अँपिअर होते, मिनिटाला किती ठोके बसतात ते होतं, वजन होतं, चकचं माप होतं, मोटरमध्ये ब्रश आहे की नाही हेही होतं. भिंतीचा रकाना नव्हता.

"घराची," ती म्हणाली.

मिस्त्री एवढ्या जोरात हसला की बाहेर सुकेशनीच्या नाकात रस गेला.

*

मुळात हे सगळं एका खोलीसाठी चाललं होतं. प्रांजलीचं घर सिडकोतलं, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीतलं. दोन घरांत एक भिंत, त्यामुळे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच समजून गॅस बंद करायची त्या गल्लीला सवय आहे. घराच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. तिथं गव्हाची पोती, बिघडलेला कूलर आणि कुणाचं हे कुणालाच न आठवणारं कपाटाचं एक दार असे सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते. प्रांजलीला ती खोली हवी होती. हॉलमधल्या दिवाणावर, टीव्ही आणि पाहुणे यांच्या मधोमध बसून दहावी करायची नाही, हे तिचं ठरलेलं होतं.

पण वैजापूरच्या मोठ्या काकांचा विश्वजीत अकरावीसाठी शहरात येणार होता. "पोरगंय, पोत्यावरबी झोपतंय, त्याला मागची खोली देऊन टाका," असं काकांनी फोनवर परस्पर सांगूनही टाकलं होतं. शेवटी पप्पांनी निवाडा केला. पंधरा जूनच्या आत खोली राहण्यासारखी झाली, दोन फळ्या लागल्या, खिडकीला पडदा लागला, तर ती प्रांजलीची आणि विश्वजीत हॉलमध्ये. नाही झाली तर जशी आहे तशी, पोत्यांसकट, विश्वजीतची.

राहण्यासारखी व्हायला भिंतीत दहा होल लागत होते. तीन मिस्त्र्यांना विचारून झालं. पहिला म्हणाला, दहा होलसाठी गाडीची किकसुद्धा मारत नाही. दुसरा "उद्या येतो" म्हणाला आणि रोज म्हणत राहिला. तिसरा खरोखर आला, चहा प्याला, भिंतीवर थाप मारली, खोली पाडून नवीन बांधा असा सल्ला दिला आणि गेला.

तेव्हा ड्रिल विकत घ्यायचं ठरलं. तेही बिनवायरचं, कारण मागच्या खोलीत एक बल्ब सोडला तर विजेचा एकही पॉईंट नाही. आणि नुसतं फिरणारं नको, फिरता फिरता ठोके मारणारं हवं, कारण नुसत्या फिरण्याला भिंत दाद देत नाही.

पप्पा, म्हणजे अजिनाथराव, वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. एकोणीस वर्षं ते सकाळी लोकांच्या हातात ड्रिल देत आले आणि संध्याकाळी परत घेत आले. मधल्या वेळात त्या ड्रिलचं काय होतं, हे बघायला ते कधी गेले नाहीत. त्यामुळे "निवड तू कर" असं ते प्रांजलीला म्हणाले, तेव्हा त्यात विश्वासाचा भाग किती आणि सुटकेचा किती, हे सांगणं अवघड आहे. "फक्त पावती माझ्या नावावर घे," ते म्हणाले. "वॉरंटी अल्पवयीन माणसाला देत नाहीत."

*

ड्रिल घेणार ही बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले.

उजव्या हाताचे शेजारी सांडूअण्णा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आणि गल्लीच्या रहिवासी मंडळाचे सचिव. "बॅटरीचं काय खरं नाय पोरी," ते ओट्यावर बसून म्हणाले. "वायरवालं घे. वायर म्हंजे ताकद. आमच्या वर्कशॉपातलं ड्रिल चालू केलं की माणूसच फिरायचा."

"अण्णा, आम्हाला भिंतीत होल पाडायचाय. माणूस फिरवायचा नाही."

"लई बोलायली ही," अण्णा पप्पांना म्हणाले, पण कौतुकानं.

डाव्या हाताला रत्नमाला काकू. त्यांच्या माहेरी, फुलंब्रीला, भावानं असंच एक मशीन घेतलं होतं आणि आता ते भाऊ त्यानं फक्त रांगोळीचे रंग कालवतात. तेव्हा रंग कालवता येतील असंच घे, असा त्यांचा आग्रह. आईचा, म्हणजे सरिताबाईंचा, सल्ला सगळ्यात लहान होता: "हलकं घे. आणलं की वर कोण ठेवणार? मीच."

प्रांजलीनं सगळ्यांचं ऐकलं आणि काहीही वहीत लिहिलं नाही. तिनं ऑनलाईन एक ड्रिल शोधून काढलं. चौदाच्या चौदा रकान्यांत ते पहिलं येत होतं आणि किमतीत इतर दहांपेक्षा बरंच खाली होतं. असं कसं, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. प्रांजलीला पडला नाही. तिला वाटलं, हे आपल्या अभ्यासाचं फळ.

चौथ्या दिवशी खोकं आलं. हॉलमध्ये सगळे जमले. रत्नमाला काकूंनी हळद-कुंकू आणलं, यंत्र आहे म्हणून. अण्णांनी खिशातून चष्मा काढला. प्रांजलीनं टेप कापली, थर्माकोल बाजूला केला आणि ड्रिल वर काढलं. काळं, भारदस्त, हातात घेतलं की खांदे आपोआप मागं जावेत असं. काकूंनी त्याला कुंकू लावलं. प्रांजलीनं खटका दाबला.

काही झालं नाही.

"चार्ज करावं लागत असंल," पप्पा म्हणाले.

"व्हय, पण कशाला?" अण्णांनी ड्रिलच्या मुठीखाली बोट घातलं. बोट आत गेलं, पार दुसऱ्या पेरापर्यंत. "हितं तर भोकच हाय. बॅटरी कुठंय?"

खोकं उलटं केलं. थर्माकोल उलटा केला. माहितीपत्रक निघालं, अकरा भाषांत. त्यातल्या एकीत, बारीक अक्षरांत, लिहिलेलं होतं की या खोक्यात फक्त यंत्र आहे. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावेत.

आईनं कुंकवाची वाटी उचलली आणि आत गेली. हे प्रांजलीला फार लागलं. ओरडली असती तर उत्तर तयार होतं.

*

त्या कंपनीची बॅटरी सगळ्या शहरात चौकशी करून ज्या एकाच दुकानात मिळाली, ते कुठलं असेल, हे सांगायची गरज नाही.

या वेळी ती एकटी गेली. चाचांनी तिला ओळखलं, ड्रिल हातात घेतलं, त्यावरचं कुंकू बघितलं आणि अत्यंत सभ्यपणे काहीही विचारलं नाही. बॅटरी दिली, चार्जर दिला, एकदा खटका दाबून दाखवला. घुर्रर्र आवाज झाला तेव्हा प्रांजलीचा चेहरा, तिच्या नकळत, सहा वर्षांच्या मुलीसारखा झाला.

"दीवार देखी क्या?"

"बघितली. ठोकून बघितली. खिडकीच्या वर काँक्रीटची पट्टी आहे, बाकी सगळी वीट."

"शाब्बास. पट्टी पे टाइम लगेगा, जोर नक्को लगाना. और सुन, दीवार में नल की लाईन है क्या, वो देख लेना. लाईन पे मारी तो मेरे पास नक्को आना, पलंबर के पास जाना."

प्रांजलीला हे माहीत होतं. तिनं व्हिडिओ पाहिला होता. त्यातल्या टोपीवाल्या गृहस्थानं सांगितलं होतं, घरातले सगळे नळ सोडा, भिंतीला कान लावा, आवाज आला तर तिथं पाईप आहे. घरी येऊन तिनं शास्त्रशुद्ध तपासणी केली. स्वयंपाकघरातला नळ सोडला, न्हाणीघरातला सोडला. मागच्या मोरीतला नळ उघडाच होता. मग स्टीलची वाटी भिंतीला लावून, तिला कान लावून, ती इंचाइंचानं सरकत पूर्ण भिंतभर फिरली. भिंत गप्प. तिनं वहीत पंधरावा रकाना आखला आणि त्यात लिहिलं: पाईप नाही.

आता फक्त परवानगी राहिली होती.

परवानगी कसली, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण गल्लीच्या मंडळाचा नियम आहे की सामाईक भिंतीला हात लावायचा तर सचिवांकडे लेखी अर्ज करायचा आणि त्याला दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती जोडायची. प्रांजलीनं सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. अण्णांनी तो वाचला आणि परत दिला, कारण अर्जदार अठरा वर्षांच्या आतला होता. मग तोच अर्ज, त्याच अक्षरात, अजिनाथरावांच्या नावानं गेला.

रत्नमाला काकूंनी संमतीसाठी अट घातली. आधी त्यांच्या स्वयंपाकघरात घड्याळासाठी एक होल, मग सही. तो होल प्रांजलीनं दोन मिनिटांत पाडला. काकूंनी सही केली आणि दारात येऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय सुरेख होल पाडला हो अजिनाथभाऊंच्या मशीननं!"

दुसरी संमती अण्णांची. आता सचिवही अण्णा आणि उजव्या बाजूचे शेजारीही अण्णाच. पण अण्णांचं काम नियमाला धरून. सचिव म्हणून त्यांनी शेजारी म्हणून स्वतःकडे संमतीची विचारणा केली आणि ती दोन दिवस विचारार्थ ठेवली. तारीख होती दहा जून.

"अण्णा, तुम्हीच तुम्हाला विचारणार आणि तुम्हीच सांगणार. त्याला दोन दिवस कशाला?"

"घाई केली तर लोक म्हंतील, सचिवानं शेजाऱ्याला फेवर केलं."

*

बारा जूनला सकाळी दहा वाजता अण्णांनी अण्णांची सही आणून दिली, आणि प्रांजली स्टुलावर चढली.

पडद्याचे दोन होल काँक्रीटच्या पट्टीत होते. चाचा म्हणाले होते तसा वेळ लागला. ड्रिल ओरडत होतं, भिंत ओरडत होती, पलीकडून रत्नमाला काकू ओरडत होत्या. पाऊण तासात दोन होल झाले आणि प्रांजलीचे केस आजीसारखे पांढरे झाले. मग फळ्यांचे आठ होल, सगळे विटेत. पहिला, दुसरा, तिसरा करत ती सातव्यापर्यंत आली. लाल भुगा गळत होता, हात सरावला होता. पप्पा खाली स्टूल धरून उभे होते आणि प्रत्येक होलनंतर "झाला एक" असं म्हणत होते, म्हणजे तेही काहीतरी करत होते.

शेवटचा होल, एकूण मोजला तर दहावा, हा तिच्या आयुष्यातला सर्वोत्तम होल होता. सुरुवातीला थोडी वीट लागली आणि मग ड्रिल अलगद, लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. थरथर नाही, आवाज नाही. लाल भुग्यामागून पांढरी, नाजूक, कुरळी सालपटं बाहेर आली.

"बघा पप्पा! याला म्हणतात टॉर्क."

तिनं त्या होलचा फोटो काढला आणि अमृता-सुकेशनीला पाठवला. त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळला, फळी बसवली. फळीवर दहावीची पुस्तकं आणि विज्ञान प्रदर्शनाची ढाल लागली. खिडकीला निळा पडदा लागला. पोती गच्चीच्या जिन्याखाली गेली आणि कॉट आत आली. तीन दिवस हातात ठेवून खोली राहण्यासारखी झाली होती.

त्यानंतरचे दोन दिवस सुखाचे गेले, आणि तरी प्रांजलीच्या मनात एक खडा होता. गल्लीतला जो येई तो खोली बघून म्हणे, "वा अजिनाथराव, हात चांगलाय तुमचा." पप्पा "छे छे, हिनंच केलंय" असं म्हणायचे, पण ते अशा सुरात, की लोकांना तो विनय वाटायचा. मग लोक आणखी कौतुक करायचे. चार घरांतून बोलावणी आली. टॉवेलची दांडी, आरसा, फुलझाडाची कुंडी. सगळीकडे होल प्रांजलीनं पाडले आणि चहा पप्पांना मिळाला.

*

चौदा जूनला सकाळी सहा वाजता विश्वजीत एक दिवस आधीच येऊन धडकला. खांद्याला बॅग, एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात नवी कोरी बादली. त्यानं निळ्या पडद्याची खोली बघितली, फळ्या बघितल्या आणि मोकळेपणानं म्हणाला, "लई भारी झालीय गं. मी हॉलमध्ये पडतो."

प्रांजली जिंकली होती. सात वाजेपर्यंत.

सात वाजता गल्लीत पाणी आलं. आता घरातले सगळे नळ गच्चीवरच्या टाकीचे. मागच्या मोरीतला एक तेवढा रस्त्यावरच्या लाईनीचा, थेट. त्याला पाणी आठवड्यातून एकदाच, तेही तास-पाऊण तास. म्हणून तो नळ इथं सगळ्या घरांत आठवडाभर उघडाच ठेवतात. पाणी आलं की त्याच्या खळखळाटानं घर जागं होतं. प्रांजलीनं भिंतीला वाटी लावली तेव्हाही तो उघडा होता. फक्त त्याच्या पाईपात तेव्हा चमचाभरही पाणी नव्हतं, आणि कोरडा पाईप काही बोलत नाही. टोपीवाल्या गृहस्थाच्या गावात बहुधा रोज पाणी येत असावं.

आधी फळीमागून एक शीळ ऐकू आली. मग ढाल पुढं सरकली, आपल्या आपण. प्रांजली कॉटवर उठून बसली. ढाल फळीच्या कडेला आली, क्षणभर थांबली, आणि मग ढाल, भूगोल आणि गणित भाग दोन यांना बरोबर घेऊन पाण्याची एक जाड, गोल, ताठ धार गिट्टी-स्क्रू उडवून भिंतीतून निघाली आणि खोली ओलांडून समोरच्या निळ्या पडद्यावर आदळली.

"पप्पाऽऽ!"

पप्पा आले, विश्वजीत आला. विश्वजीतनं धारेकडे बघितलं. "आमच्या वैजापूरला घरात असलं नाय," तो आदरानं म्हणाला. आईनं जाऊन मेन स्विच पाडला. पप्पा फाटकाजवळचा कॉक बंद करायला धावले, तेवढ्यात रत्नमाला काकू आत शिरल्या आणि त्यांनी किंकाळी फोडली.

"बंद नका करू वं भाऊ! हौद रिकामाय ना तुमचा! कॉक बंद केला तर पुढच्या आठवड्यापर्यंत काय प्यायचं?"

पप्पा जागीच थांबले. म्हणणं बिनतोड होतं. एकाच कॉकवर समोरचा हौदही होता आणि मागचा पाईपही. पाणी बंद करणं म्हणजे आठवडा बुडवणं, आणि एवढा गुन्हा या शहरात कुणी शुद्धीवर असताना करत नाही.

"मग काय करायचं?"

"भरायचं!" काकू म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, मोरीत जाऊन तो उघडा नळ फिरवून बंद केला. "तिकडचं थांबवलं की इकडं जोर येईल."

जोर आला. धार पडद्याच्या वर, दांडीपर्यंत गेली. विश्वजीतची नवी कोरी बादली पहिली भरली. मग घरातल्या बादल्या, मग पिंप, मग काकूंच्या घागरी, कुकर, पुरणाचं पातेलं, कूलरची टाकी. खोलीतून मोरी, मोरीतून अंगण अशी रांग लागली. अण्णा आले, बघून हरखले. "नळाला एवढं प्रेशर मी बावीस सालापासून पाह्यलं नाय," म्हणाले आणि घरून दोन हंडे घेऊन आले. संमती वगैरे कुणी काही विचारलं नाही. प्रांजली धारेच्या तोंडाशी, भिजून चिंब, एक भांडं काढून दुसरं लावत होती. काढताना अंगावर, लावताना अंगावर.

पावणेआठला धार बारीक झाली, मग वाकली, मग भिंतीवरून ओघळत राहिली आणि थांबली. खोलीत घोटाभर पाणी होतं आणि त्यात गणित भाग दोन उताणं पडलं होतं. सगळ्यांनी दम खाल्ला. अण्णांनी चष्मा पुसला, भिंतीजवळ गेले, फळी हलवली आणि दहाव्या होलमध्ये करंगळी घातली.

"बरोब्बर पाईपाच्या मधोमध," ते म्हणाले. "असा नेम धरून मारायचा म्हणला तरी बसत नाय. कुणी मारला हा?"

खोलीत बारा-तेरा माणसं होती. प्रांजलीनं तोंड उघडलं.

"मी," पप्पा म्हणाले.

"तुम्ही?"

"मीच. हात हलला माझा."

"होतं अजिनाथराव, होतं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पप्पांच्या पाठीवर हात ठेवला. काकू म्हणाल्या, चूक माणसाच्या हातूनच होते, आणि भरलेली घागर उचलून गेल्या. मागोमाग सगळी गल्ली आपापलं पाणी घेऊन गेली. जाताना प्रत्येकानं पप्पांना धीर दिला. प्रांजलीकडे कुणी बघितलंही नाही.

*

दिवसभर ती मान खाली घालून भिजलेली पुस्तकं वाळत घालत राहिली. घरच्यांना वाटलं, पोरगी खजील झाली आहे. खरं तर ती मोजत होती. पहिले नऊ होल पप्पांचे झाले, ते तिनं सोडून दिलं होतं. पण दहावासुद्धा? तो तर तिनं एकटीनं, वाटी लावून, रकाना आखून, पूर्ण विचारान्ती चुकवला होता.

संध्याकाळी हॉलमध्ये बैठक बसली. विश्वजीत दिवाणावर पाय वर घेऊन बसला होता, कारण खाली पुस्तकं वाळत होती. पप्पा म्हणाले, आता प्लंबरला बोलवावं लागेल, भिंत फोडावी लागेल, ओल जायला महिना लागेल. तोवर खोली बंद करू, पोती परत आत टाकू, आणि पोरांचं पोरांनी हॉलमध्ये जमवावं. मशीन कुणी घेत असेल तर देऊन टाकू. आई म्हणाली, "वाळेपर्यंत त्या खोलीचं नाव काढू नका."

प्रांजली उठून उभी राहिली. केस सकाळपासून विंचरलेले नव्हते.

"माझं ठरलंय, ते ऐका," ती म्हणाली. "खोली बाराला राहण्यासारखी झाली होती, पंधराच्या आत झाली होती, म्हणजे ती माझी आहे. आज रात्रीपासून मी तिथं झोपणार. कॉट भिंतीपासून हातभर लांब ओढलीय. मशीन विकायचं नाही. प्लंबर आला की भिंत कुठं फोडायची ते मी दाखवणार, कारण पाईप कुठून जातो हे या घरात आता फक्त मलाच माहीत आहे."

"अगं, पण..." आई म्हणाली.

"माझं झालं नाही अजून. मी आत्ता अण्णांकडे आणि काकूंकडे जाऊन सांगून आले, की होल मी पाडला. दोघांनाही खरं वाटलं नाही. तेव्हा पप्पा, उद्यापासून कुणीही विचारलं तर तुम्ही माझं नाव सांगायचं. नुसतं प्रांजली नाही, पूर्ण नाव. प्रांजली अजिनाथ औताडे. मध्ये तुमचं येतंय, त्याला माझा इलाज नाही."